चार फुटांचा कडा

दिवाळीच्या सुट्टीत अंगणात मातीचा किल्ला करणारं मूल, किल्ला मोडायच्या आतच खऱ्या गडावर जायचा हट्ट धरतं. महाराष्ट्रात ही ओढ कुणी शिकवावी लागत नाही. थंडीची चाहूल लागली की पुण्या-मुंबईतून, नाशिक-कोल्हापुरातून चार-पाच वर्षांच्या पोरांना घेऊन घरंच्या घरं सह्याद्रीकडे निघतात. कुणाला लोहगडाच्या पायऱ्या चढायच्या असतात, कुणाला पवनेच्या काठी तंबूत झोपायचं असतं, तर कुणाला मुलाला दोर बांधून पहिल्यांदा कातळावर चढवायचं असतं. त्याबरोबर प्रश्नही येतात. कोणत्या वयात न्यावं? कोणत्या कातळावर? दोर कुणाच्या हातात द्यावा? एवढ्याशा जीवाला रात्री रानात झोपवणं कितपत बरं? गिर्यारोहक, डॉक्टर आणि डोंगरातले गावकरी यांच्याकडे या प्रश्नांची बरीच उत्तरं आहेत. ती एका जागी क्वचित सापडतात, म्हणून हा आढावा.

माझं मत आधीच सांगते. आपण मुलांना मोठ्यांच्या डोंगरावर मोठ्यांच्याच मापाने नेतो. माथा गाठायचा, फोटो काढायचा, अंधाराच्या आत उतरायचं. पाच वर्षांच्या मुलाला माथ्याचं अप्रूप नसतं. वाटेतला चार फुटांचा दगड हाच त्याचा कडा. त्या दगडापाशी ते तासभर रमतं आणि आपण ‘चल, अजून खूप जायचंय’ म्हणून त्याला ओढून नेतो. सहलीची आखणी त्या दगडाभोवती केली, तर निम्मे धोके तिथेच टळतात.

चढणं मुलाच्या अंगातच असतं. वजनाच्या मानाने त्याच्या हातांत ताकद भरपूर असते, सांधे लवचीक असतात, गुडघा छातीपर्यंत मुडपून पाय कुठेही ठेवता येतो. कमी असते ती उंची आणि फार वेळ लक्ष टिकवण्याची शक्ती. उतरण्याचा अंदाज तर नसतोच. वर गेलेलं मूल खाली येताना अडकतं, कारण पाय ठेवायची जागा त्याला दिसत नाही. म्हणून पहिला धडा उतरण्याचा. कमरेएवढ्या दगडावर चढायचं, तोंड कातळाकडे ठेवायचं आणि पायाने चाचपत खाली यायचं. उडी मारायची नाही. हे अंगवळणी पडल्यावरच छातीएवढ्या दगडाला हात घालायचा. मोठ्या माणसाने मागे उभं राहून हात मुलाच्या पाठीच्या जवळ ठेवायचे, पण त्याला उचलून वर ठेवायचं नाही. उचलून ठेवलेल्या मुलाला आपण तिथे कसं पोचलो हे माहीत नसतं, त्यामुळे उतरायचं कसं हेही कळत नाही.

याहून उंच जायचं तर दोर लागतो आणि दोराबरोबर हार्नेस. मोठ्यांचा कमरेचा हार्नेस घट्ट आवळून मुलाला घालणं ही आपल्याकडे सर्रास दिसणारी आणि सर्वांत घातक गोष्ट आहे. लहान मुलाच्या कमरेची हाडं अजून रुंद झालेली नसतात, पट्टा अडवून धरेल असा उंचवटाच तिथे नसतो. त्यात शरीराच्या मानाने डोकं जड. असं मूल दोरावर लटकताना उलटं झालं, तर हार्नेसमधून निसटू शकतं. म्हणूनच युरोपीय मानकात ४० किलोपर्यंत वजनाच्या मुलांसाठी खांद्यावरून पट्टे जाणाऱ्या पूर्ण अंगाच्या हार्नेसचा वेगळा प्रकार ठरवलेला आहे. यात दोर छातीच्या उंचीवर बांधला जातो आणि मूल सरळ राहतं. शिबिराला जाण्याआधी आयोजकाला एवढंच विचारावं, ‘मुलांचे फुल बॉडी हार्नेस आहेत का?’ उत्तर देताना तो अडखळला, तर पुढची चौकशी करायची गरज नाही.

हेल्मेटचंही तसंच आहे. सायकलचं हेल्मेट माणूस पडला तर उपयोगी पडावं म्हणून केलेलं असतं, वरून येणाऱ्या दगडासाठी नव्हे. सह्याद्रीत तर दगड वरूनच येतो. माकडाने ढकललेला असो, बकरीच्या खुराने सुटलेला असो की वरच्या ट्रेकरच्या पायाखालून घरंगळलेला. कातळाच्या पायथ्याशी खेळणाऱ्या, दोर न बांधलेल्या धाकट्या भावंडालाही हेल्मेट हवं. त्याच्याकडे त्या क्षणी कुणाचंच लक्ष नसतं. जेवायला बसायची आणि खेळायची जागा कड्यापासून दूर, बाजूला असावी.

आता प्रत्यक्ष चढाई बघू. सहा वर्षांची मुलगी टॉप रोपवर तीन मीटर वर जाऊन थांबली आहे. दोर वरच्या अँकरमधून खाली आलेला, बिले द्यायला, म्हणजे खालून दोर सांभाळायला, आई, बाजूला बाबा, मामा आणि दोन अनोळखी ट्रेकर. ‘उजवा पाय वर घे.’ ‘अगं तिथे नाही, डावीकडे खोबण आहे बघ.’ ‘घाबरू नकोस, आम्ही आहोत ना!’ चार आवाज एकदम. मुलगी मान वळवून खाली बघते, कुणाचं ऐकावं ते तिला कळत नाही, गुडघा थरथरायला लागतो आणि रडू फुटतं. मग सगळे मिळून तिला ‘अजून दोनच हात’ म्हणून वर ढकलतात. तिने जे कमावलं होतं ते इथे वाया जातं.

अशा वेळी एकच आवाज हवा, बिले देणाऱ्याचा, आणि तोही मोजका. मूल ‘खाली’ म्हणालं की खाली, पहिल्याच हाकेला. आपल्या शब्दाला दोराच्या दुसऱ्या टोकाला किंमत आहे हे एकदा कळलं की तेच मूल पुढच्या खेपेला आपणहून मीटरभर वर जातं. खाली सोडण्याची सवयही जमिनीपासून हातभर उंचीवर करून घ्यावी. मुलाला दोन्ही हातांनी कातळ किंवा दोर घट्ट धरायचा असतो. हात सोडून हार्नेसमध्ये बसायचं आणि पाय कातळाला टेकवत मागे चालत यायचं, हे त्याच्या सगळ्या अंतःप्रेरणेच्या विरुद्ध आहे. फूटभर उंचीवर ते हसत शिकतं, पाच मीटरवर रडत.

वजनाचा एक मुद्दा आई-वडिलांच्या लक्षात येत नाही. मूल पंधरा-अठरा किलोचं असेल, तर जाड, जुना दोर आणि आपोआप अडकणारं बिले उपकरण यांच्या घर्षणामुळे ते खालीच येत नाही, मध्येच लोंबकळत राहतं. शहरातल्या भिंतींवर जी ऑटोबिले यंत्रं असतात त्यांनाही किमान वजन लागतं, बऱ्याच यंत्रांना सुमारे १० किलो. अगदी हलक्या मुलाला ती नीट खाली आणत नाहीत. उलट बाजूनेही हिशेब चुकतो. दहा वर्षांच्या मुलाला कौतुकाने वडिलांचा बिले द्यायला लावला आणि वडील सुटले, तर मूल हवेत उचललं जातं. मुलांनी बिले शिकावा, जरूर शिकावा, पण दोराच्या मोकळ्या बाजूवर मोठ्या माणसाचा हात कायम असायला हवा.

बोटांबद्दल डॉक्टर आणि प्रशिक्षक आता एका सुरात बोलतात. वाढीच्या वयात बोटांच्या हाडांच्या टोकाला कूर्चेचा थर असतो, हाड तिथूनच लांबतं. उंची झपाट्याने वाढते त्या वयात तो थर सगळ्यात नाजूक असतो. बारीक कडांवर लटकून, पुन्हा पुन्हा झटके देऊन सराव केला तर तिथे भेग पडते. बहुधा मधल्या बोटाच्या मधल्या सांध्यापाशी दुखू लागतं. म्हणून कॅम्पस बोर्डवरचा, म्हणजे पाय न टेकवता नुसत्या हातांनी पट्ट्यांवर चढायचा, झटक्यांचा सराव १८ वर्षांखाली नको असं ब्रिटनच्या गिर्यारोहण परिषदेसारख्या संस्था सांगतात. पाच-सात वर्षांची मुलं हौसेने दगडावर चढतात, त्यांना हा धोका फारसा नाही. स्पर्धेच्या नादाला लागलेल्या बारा-चौदा वर्षांच्या मुलाचं बोट दुखत असेल, तर मात्र आराम आणि एक्स-रे. बुटांचंही त्याच ओघात सांगते. वाढत्या पावलाला आवळणारे चढाईचे बूट घेऊ नयेत. सुरुवातीला रबरी तळाचे, नीट बसणारे साधे बूट पुरतात.

आपल्याकडच्या शिबिरांत प्रस्तरारोहण नावापुरतं आणि रॅपलिंग, म्हणजे दोरावरून कडा उतरणं, मुख्य असतं. कारण उघड आहे. रॅपलिंगला मुलाकडून काही यावं लागत नाही, पंचवीस मुलांची रांग तासा-दोन तासांत संपते आणि फोटो झकास येतो. पण जाणत्या गिर्यारोहकाला विचारा, उतरणं हा भाग तो सर्वांत जपून करतो. टॉप रोपवर चढताना मूल स्वतःच्या हातापायांवर उभं असतं, दोर राखणीला असतो. रॅपलिंगमध्ये पहिल्या पावलापासून सगळा जीव अँकरवर आणि उपकरणावर. केस, ओढणी, टी-शर्टची कड उपकरणात अडकते आणि मूल मध्येच लटकतं. आठ-दहा वर्षांखालच्या मुलांना कड्यावरून रॅपलिंग नकोच, असं माझं ठाम मत आहे. त्याहून मोठ्या मुलांना करायचं असेल, तर वेगळा सुरक्षा दोर, केस बांधलेले, कपडे खोचलेले आणि दोन वेगळ्या आधारांवरचा अँकर, यातलं काही सोडून चालणार नाही.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. त्यानुसार जमीन, पाणी आणि हवा या तिन्हींतले साहसी उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. तरीही दर शनिवारी समाजमाध्यमांवर पोस्टर टाकून बस भरणारे गट कमी नाहीत. नोंदणी विचारावी. प्रशिक्षकाने उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेसारख्या ठिकाणी बेसिक, ॲडव्हान्स कोर्स केला आहे का, तेही विचारावं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एका प्रशिक्षकामागे मुलं किती? विचारायला संकोचू नये. चांगल्या आयोजकाला असे पालक आवडतात.

सह्याद्रीचा कातळ हा स्वतंत्र विषय आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हा बेसॉल्ट तयार झाला. थरांमधला ठिसूळ भाग झिजतो आणि वरचा कडा अधांतरी राहतो. पकडीसाठी हाताशी आलेला दगड मुळापासून सुटा असू शकतो. पावसाळ्यात सगळ्यावर शेवाळ, मार्चनंतर कातळ इतका तापतो की हात टेकवत नाही. त्यामुळे मुलांना कातळावर न्यायचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच, तोही सकाळचा. हात टाकण्याआधी पकड ठोकून बघायची, आवाज पोकळ आला तर सोडून द्यायची, हा खेळ मुलांना फार आवडतो. कातळावर कान लावून बसलेली पोरं बघण्यासारखी असतात.

मुंबईच्या प्रस्तरारोहकांनी पिढ्यान् पिढ्या कान्हेरीच्या दगडांवर आणि मुंब्र्याच्या कड्यांवर सराव केला. नवी मुंबईत बेलापूरच्या टेकडीवरचे बोल्डर ‘गिरिविहार’ या जुन्या संस्थेच्या स्पर्धांमुळे माहीत झाले आणि याच मंडळींच्या खटपटीतून २०१६ मध्ये बोल्डरिंगचा विश्वचषक नवी मुंबईत भरला. दक्षिण महाराष्ट्रातल्या कुटुंबांना बदामी फार लांब नाही. तिथला तांबडा वालुकाश्म मजबूत, आडव्या पकडींनी भरलेला, बोल्ट मारलेले मार्ग आखलेले. हंपीला ग्रॅनाइटचे गोटे आहेत. दिसायला सुरेख, पण मुलांच्या बोटांची कातडी दुपारपर्यंत सोलून निघते. शहरातल्या कृत्रिम भिंती आता बऱ्याच झाल्या आहेत. पहिल्या ओळखीसाठी मी त्याच सुचवेन. तिथे ऊन नाही, सुटा दगड नाही, मधमाश्या नाहीत आणि मूल कंटाळलं तर अर्ध्या तासात घरी येता येतं.

पॅरिसजवळच्या फॉन्तेनब्लोच्या जंगलात जे आहे ते मात्र आपल्याकडे कुठेच नाही. तिथे वालुकाश्माचे माणसाच्या उंचीचे असंख्य गोटे, खाली मऊ वाळू. गेल्या शतकाच्या चाळिशीपासून तिथे रंगीत खुणांनी चढाईचे फेरे आखले गेले, एका दगडावरून दुसऱ्यावर. लहान मुलांसाठी पांढऱ्या खुणांचे वेगळे फेरे आहेत. बाण बघत, आकडे मोजत मुलं दगडामागून दगड चढत जातात आणि आई-वडील मागून डबा घेऊन चालतात. दोर नाही, शिबिर नाही, फी नाही. चढाई हा तिथे घरातल्या सगळ्यांचा रविवार आहे.

आपल्याकडे कुटुंबाचा रविवार म्हणजे गड. त्यातही निवड लागते. पेठ शहापूरहून कोरीगड, लोहगडवाडीतून लोहगड, तिकोना यांच्या वाटा बऱ्याच भागात पायऱ्यांच्या आहेत, मुलांना झेपतात. हरिश्चंद्रगडाला जायचंच तर पाचनईची वाट. नळीची वाट मुलांची नाही. हरिहरच्या किंवा कलावंतीणच्या कातळकोरीव पायऱ्यांचे फोटो पाहून मुलांना तिथे नेणारे पालक दिसतात तेव्हा पोटात गोळा येतो. पायऱ्या शतकानुशतकं टिकलेल्या आहेत, खोबण्या भक्कम आहेत, हे खरं. पण त्या मोठ्या माणसाच्या ढांगेच्या आहेत, बाजूला कठडा नाही, आणि सुट्टीच्या दिवशी वर जाणारे नि खाली येणारे त्याच अरुंद वाटेत समोरासमोर येतात. त्या पायऱ्या पायथ्याच्या ठाकर, महादेव कोळी वाड्यांतली पोरं अनवाणी पळत चढतात, असं लगेच ऐकवलं जातं. ती पोरं त्या वाटेवर चालायला शिकलेली असतात, घसाऱ्यावर पाय कसा टाकायचा हे त्यांना रोज दिसतं. शहरातल्या मुलाला तो सराव एका दिवसात येत नाही. त्या पोरांना गाठून आपल्या मुलांना त्यांच्यासोबत गावाजवळच्या दगडांवर खेळायला सोडा. कोणत्याही शिबिरापेक्षा तिथे जास्त शिकायला मिळतं.

आता मुक्काम. गडावर तंबू ठोकायचा विचार असेल तर आधी चौकशी करावी. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या गडांवर सूर्यास्तानंतर थांबता येत नाही. अभयारण्यात वनविभागाची परवानगी लागते. जुलै २०२५ मध्ये लोहगड, राजगड, रायगड, साल्हेर, शिवनेरी यांच्यासह बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा नियम सैल होतील अशी आशा करू नये, आणि ते बरंच आहे. मुलांसोबतचा उत्तम मुक्काम गडाच्या पायथ्याच्या गावात होतो. राजमाचीच्या पठारावरचं उधेवाडी, भंडारदऱ्याकडचं रतनवाडी, हरिश्चंद्रगडाखालचं पाचनई. अंगणात तंबू, चुलीवरचं पिठलं-भाकरी, रात्री मूल आजारी पडलं तर हाक मारायला माणूस. तलावाकाठचे व्यावसायिक कॅम्प सोयीचे खरे, पण मध्यरात्रीपर्यंत स्पीकर वाजत असेल तर मुलाला रानाची रात्र मिळतच नाही. रातकिडे, लांबून येणारी कोल्हेकुई, टॉर्च विझवल्यावर हळूहळू दिसू लागणारे तारे, हे सगळं शांततेचं देणं आहे. मेअखेरीस काजवे बघायला जाणाऱ्यांनी तर टॉर्च आणि गाडीचे दिवे बंदच ठेवावेत. काजव्यांचं चमकणं ही त्यांची जोडीदाराला घातलेली साद आहे, आणि आपल्या उजेडात ती बुडून जाते.

थंडीबद्दल आपण ‘सह्याद्रीत काय थंडी’ असं म्हणून बेफिकीर असतो. डिसेंबरात भंडारदऱ्याला पहाटे चांगलाच कडाका असतो. लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्वचेचा पसारा मोठा, त्यामुळे अंगातली ऊब लवकर जाते. ऊब वरून जाते त्याहून खालून, जमिनीत जास्त जाते. पांघरुणं वाढवण्याआधी अंगाखाली कॅरीमॅट दुहेरी करावी. झोपण्यापूर्वी घामाचे कपडे मोज्यांसकट बदलावेत. तंबूत शेगडी, निखारे, गॅस काहीही पेटवू नये. बंद जागेत त्यातून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही.

सापांपेक्षा जास्त पालकांची भीती बोलते, तरी दोन गोष्टी माहीत हव्यात. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश इतका हलका की अनेकदा कळत नाही, खूणही शोधावी लागते. उघड्यावर झोपलेलं मूल पहाटे पोट दुखतंय म्हणून रडत उठलं, पापण्या जड झाल्या, बोलणं अडखळू लागलं, तर अपचन समजून ओवा देत बसू नये, थेट दवाखाना गाठावा. तळ शिवलेला तंबू आणि रात्रभर बंद चेन, एवढ्याने हा धोका जवळपास संपतो. दुसरं फुरसं. ते दगडाखाली असतं, आणि दगड उलटणं हा मुलांचा आवडता उद्योग. दगड काठीने, पलीकडच्या बाजूची कड उचलून आपल्याकडे उलटायचा म्हणजे खालचा जीव पलीकडे निघतो, हे मुलांना करून दाखवावं.

विंचवाबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण ही गोष्ट याच मातीतली आहे. कोकणात आणि घाटमाथ्यावर आढळणारा लाल विंचू मोठ्या माणसाला असह्य वेदना देतो, लहान मुलाचा मात्र जीव घेऊ शकतो. विषाने शरीरातली स्वायत्त मज्जासंस्था उसळते, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो, फुप्फुसांत पाणी भरतं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस महाडजवळ सरकारी दवाखान्यात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी अशी मुलं दगावताना पाहिली. त्यांच्या खाटेशी बसून त्यांनी बारकाईने नोंदी ठेवल्या, आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध वापरायला सुरुवात केली. मुलं वाचू लागली. ‘लॅन्सेट’मध्ये हे काम छापून आलं आणि जगभर वापरलं गेलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पालकांनी लक्षात ठेवायच्या खुणा याच अनुभवातून आल्या आहेत. विंचू चावल्यावर मूल वेदनेने रडतंय, यापेक्षा त्याला दरदरून घाम सुटलाय, उलट्या होताहेत, हातपाय थंड पडलेत हे जास्त गंभीर. आवळून बांधणं, चिरा देणं, मांत्रिक यांत वेळ न घालवता जवळच्या आरोग्य केंद्रात न्यायचं. मुक्कामाच्या गावापासून ते केंद्र किती लांब आहे आणि रात्री वाहन कोण देईल, हे तंबू ठोकण्याआधी विचारून ठेवावं. आणि सकाळी बूट झटकल्याशिवाय पायात घालायचे नाहीत.

आग्या मोहोळ हा सह्याद्रीतला, माझ्या मते, सर्वांत दुर्लक्षित धोका आहे. कड्यांच्या कपारीत, गुहांच्या तोंडाशी ही मोठी पोळी लोंबतात. धूर, अत्तर, आरडाओरडा, भिरकावलेला दगड, कशानेही माश्या उठतात आणि लांबपर्यंत पाठलाग करतात. मुलाचं वजन कमी, म्हणून तितक्याच डंखांचं विष त्याला जास्त भोवतं. सॅकमध्ये एक जाडसर चादर वरच्या बाजूला ठेवावी. माश्या उठल्या तर मुलाला तिच्यात गुंडाळून, हात न झाडता, शक्य तितक्या लांब निघून जायचं. जिथे पोळं दिसतं तिथे चढाई नाही, कितीही लांबून आलेलो असलो तरी.

मोठ्या संकटात काय आहे आपल्याकडे? १०८ आणि ११२ हे क्रमांक आहेत. आणि खरा आधार आहे तो स्थानिक गिर्यारोहकांचा. लोणावळ्याचं ‘शिवदुर्ग मित्र’ असो की राज्यभरातल्या संस्थांना जोडणारं बचाव समन्वय केंद्र, ही मंडळी रात्री-अपरात्री घरचं जेवण टाकून अनोळखी माणसांसाठी दरीत उतरतात, बहुतेक वेळा विनामोबदला. आपल्या हौसेपायी त्यांना बोलवावं लागू नये, एवढी काळजी आपण नक्की घेऊ शकतो.

मुलांच्या विक्रमांबद्दल मला तळमळीने बोलायचं आहे. ‘अमुक वर्षांच्या चिमुकलीने कळसूबाई सर केलं’ अशी बातमी दर हंगामात येते. १६४६ मीटरचं राज्यातलं सर्वांत उंच शिखर, वाटेत लोखंडी शिड्या. मूल किती चाललं आणि किती वडिलांच्या खांद्यावर गेलं, हे बातमीत नसतं. त्याला जायचं होतं का, हेही नसतं. लवकर सुरुवात करणं आणि लवकर विक्रम करणं यांत फार अंतर आहे. मुंबईच्या काम्या कार्तिकेयनने २०२४ मध्ये वयाच्या सोळाव्या वर्षी वडिलांसोबत एव्हरेस्ट गाठलं, तेव्हा तिच्यामागे बालपणापासूनची डोंगरातली भटकंती होती. नेपाळ सोळा वर्षांखाली एव्हरेस्टचा परवाना देत नाही. तेलंगणच्या मालावत पूर्णाने २०१४ मध्ये चौदा पूर्ण होण्याआधी शिखर गाठलं ते तिबेटच्या बाजूने. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ ला क्लाइंबिंगचं रौप्य मिळवणारी ब्रुक राबुतू दोन नामवंत क्लाइंबरांची मुलगी, भिंतीवर खेळतच मोठी झाली. या मुलींच्या मागे वर्षानुवर्षांचा खेळ आहे. आपण खेळ गाळून निकाल तेवढा उचलतो.

आपल्याकडे याहून चांगलं उदाहरण घरचंच आहे. तळेगावच्या गो. नी. दांडेकरांनी आयुष्यभर गड पालथे घातले आणि मुलगी वीणा हिलाही सोबत नेलं. पुढे वीणा देव स्वतः लेखिका झाल्या. ज्या घरात आई किंवा वडील स्वतः डोंगराचे वेडे असतात तिथे मुलाला वेगळं काही शिकवावं लागत नाही. मात्र दोघांनाही चढायचं असेल तर एक नियम पाळावा. दोघं एकाच वेळी कातळावर नसावेत, आणि खाली राहील त्याने फोन खिशात ठेवावा. खाली राहायचं काम दर वेळी आईच्याच वाट्याला येतं हेही बदलायला हवं. मुलीला दोर बांधणारी आई दिसली, तर ती दोराकडे वेगळ्या नजरेने बघते.

राहतो तो फॉन्तेनब्लोचा मुद्दा. मुलांच्या मापाचा कातळ आपल्याकडे भरपूर आहे. पुण्या-मुंबईभोवतीच्या टेकड्यांवर, बंद पडलेल्या खाणींच्या काठावर, तलावांच्या कडेला माणसाच्या उंचीचे दगड पडून आहेत. त्यांवर रंग फासायची गरज नाही, आणि लेण्यांच्या, गडांच्या दगडांना तर हातही लावू नये. एखाद्या गिर्यारोहण संस्थेने वनविभागाची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी घेऊन अशी एक जागा निवडावी. सुटे दगड काढून टाकावेत, खाली वाळू पसरावी, काचा वेचाव्यात. मार्गांचा नकाशा छापून गावातल्या चहाच्या टपरीवर ठेवावा. वाळू दर पावसाळ्यानंतर पुन्हा भरावी लागेल. गावातल्या दोन-चार तरुणांना शनिवार-रविवारी तिथे थांबण्याचे पैसे मिळाले तर ते लक्षही ठेवतील, आणि त्यांची स्वतःची पोरं त्या दगडांवर शहरातल्या पोरांच्या आधी चढलेली असतील.